वाचकांचे प्रश्न : विहीणबाईंचा मूळ पुरुष केंटकीत कसा सापडेल?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत ओहायो राज्यात स्थायिक झाला असून सून तिकडचीच आहे. बारा वर्षांच्या नातीला शाळेसाठी दोन्ही घराण्यांची वंशावळ मांडायची आहे. आमच्या बाजूचे काम मी इथे बसून पूर्ण केले. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत सहा पिढ्यांची नावे मिळाली आणि कोतवाल पंजीतील, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीतील, नोंदींनी त्यांतल्या अलीकडच्या तीन पक्क्या झाल्या. विहीणबाईंच्या घरी मात्र एक जुने बायबल आणि एक गोष्ट एवढेच आहे. त्यांचा मूळ पुरुष १७८० च्या सुमारास डॅनियल बून या प्रसिद्ध वाटाड्याच्या सोबतीने व्हर्जिनियातून कंबरलँड खिंड ओलांडून केंटकीत आला आणि त्याची पत्नी चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीतली राजकन्या होती, असे त्या सांगतात. यात खरे किती, आणि नागपुरात बसून त्याचा माग कसा काढावा?
– एक निवृत्त शिक्षिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : विहीणबाईंकडची गोष्ट तूर्त कपाटात ठेवावी. फेकू मात्र नये, कारण तिचे काम शेवटी पडणार आहे. मूळ पुरुषापासून खाली उतरत वंशावळ जुळवू गेले की ती हमखास फसते, कारण त्याच नावाची तीन-चार माणसे त्याच मुलखात त्याच काळात निघतात आणि आपल्या सोयीचा असेल त्याला आपण पूर्वज म्हणून दत्तक घेऊन मोकळे होतो. म्हणून नातीपासून सुरुवात करून एकेक पायरी मागे जावे, आणि ‘हा याचा मुलगा’ किंवा ‘ही याची मुलगी’ असे स्पष्ट सांगणारा, शक्यतो त्याच काळात लिहिलेला एक तरी कागद हाती आल्याखेरीज पुढच्या पायरीवर पाऊल ठेवू नये. जात पडताळणीच्या वेळी आपल्याकडे नेमके हेच करावे लागते. अर्जदारापासून पणजोबांपर्यंत प्रत्येक दुव्याला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा किंवा कोतवाल पंजीची नक्कल जोडावी लागते. ज्या घराने ही यातायात एकदा केली आहे, त्याला अमेरिकन वंशावळीची शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही.

१८५० पर्यंत मागे जाणे फारसे अवघड नाही. अमेरिकेत दर दहा वर्षांनी होणारी जनगणना १७९० साली सुरू झाली. तिची घरोघरची पत्रके ७२ वर्षांनी खुली होत असल्याने १९५० पर्यंतची पत्रके आज कोणालाही पाहता येतात. १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते लिहिलेले असते, आणि १८५० पासून गुलाम नसलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव, वय व जन्माचे राज्य मिळते. मध्ये १८९० ची पत्रके बहुतेक सगळी वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीमुळे गेली, तेव्हा तिथे वीस वर्षांची उडी मारावी लागेल. खरी अडचण १८४० आणि त्यामागे आहे. त्या पत्रकांत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे असून बाकीचे घर म्हणजे अमुक वयाचे मुलगे इतके, मुली इतक्या, असे नुसते आकडे आहेत. त्यातही केंटकीची १७९० आणि १८०० ची पत्रके मुळात उरलेलीच नाहीत. जन्ममृत्यूची राज्यव्यापी नोंद तिथे १९११ साली सुरू झाली. चर्चच्या दप्तराकडूनही फार अपेक्षा ठेवू नये, कारण सरहद्दीवर, म्हणजे नव्याने वसणाऱ्या मुलखात, बाप्टिस्ट पंथाचे लोक पुष्कळ होते आणि ते तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नसत, त्यामुळे बाप्तिस्म्याच्या वहीतून जन्मतारीख काढण्याची वाट तिथेच खुंटते.

मग १७८० ते १८५० या सत्तर वर्षांत ही माणसे सापडायची कुठे? जमिनीत. सरहद्दीवरच्या माणसाने मुलांचे जन्म कुठे टिपून ठेवले नसतील, पण बांधाची भांडणे कचेरीत जाऊन लिहून ठेवली, असे माझे मत आहे आणि ते वैदर्भीय वाचकाला पटायला हरकत नसावी. केंटकी हा तेव्हा व्हर्जिनियाचा भाग होता. व्हर्जिनियाने १७७९ मध्ये केलेल्या कायद्यानुसार १ जानेवारी १७७८ पूर्वी तिथे वस्ती केलेल्या माणसाला ४०० एकर जमीन आणि तिला लागून असलेली आणखी १,००० एकर इतरांच्या आधी विकत घेण्याचा हक्क मिळत असे. या हक्कांची छाननी करण्यासाठी नेमलेल्या आयुक्तांनी १७७९-८० मध्ये ठिकठिकाणी बसून दाखले दिले. विहीणबाईंच्या पूर्वजाचे नाव त्या दाखल्यांत निघाले आणि तो हक्क त्याने दुसऱ्याकडून विकत घेतलेला नसला, तर ‘१७८० च्या सुमारास’ ही घरची तारीख दोन वर्षे तरी मागे सरकवावी लागेल.

त्या जमिनीचा पट्टा हाती येईपर्यंत चार टप्पे असत. आधी वॉरंट, म्हणजे जमीन मोजून घेण्याचा परवाना, मग अमुक ठिकाणची जमीन हवी अशी नोंद, मग मोजणी आणि शेवटी पट्टा. चारही टप्प्यांचे कागद केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट येथील केंटकीच्या भूमी कार्यालयाकडे आहेत आणि त्यांतले बरेच त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. लोक पट्ट्याची प्रत काढून समाधान मानतात, पण मी आपल्याला मोजणीचा कागद आधी पाहण्यास सुचवीन, कारण त्यावर मोजणीची साखळी धरणाऱ्यांची नावे असतात. साखळी धरायला परका माणूस कोण बोलावणार? बहुधा भाऊ, मेहुणा, जावई किंवा मिसरूड फुटलेला मुलगाच असे.

या मोजणीतच पुढच्या साऱ्या भांडणांचे मूळ होते. सरकारने आधी गट पाडून नकाशे केलेले नव्हते. ज्याने त्याने आपल्या पसंतीची जमीन निवडायची आणि तिची चतुःसीमा अमुक ओढ्यापासून तमुक ओकच्या झाडापर्यंत अशी लिहून द्यायची. ओक वठला, ओढ्याने पात्र बदलले आणि एकाच जमिनीवर तीन-तीन पट्टे चढले. बूनने खिंडीतून जाणारी वाट १७७५ मध्ये पाडून दिली खरी, पण अशाच कच्च्या कागदांपायी त्याच्याही केंटकीतल्या जमिनी गेल्या आणि १७९९ मध्ये तो तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या मिसूरीत निघून गेला. त्याचे दुर्दैव आपल्या कामी येते, कारण या दाव्यांत जुन्या वस्तीकरांच्या साक्षी झाल्या आणि साक्षीदार आपले वय, आपण इथे कधी व कोणाबरोबर आलो, हे सांगत गेले. पूर्वज स्वतः वादी-प्रतिवादी नसला, तरी शेजाऱ्याच्या दाव्यात साक्षीदार म्हणून उभा असू शकतो.

त्याच्या जोडीला करपत्रके पाहावीत. एखादा तरुण त्यांत प्रथमच दिसला की तो २१ वर्षांचा झाला असावा, असा अंदाज बांधता येतो. केंटकीच्या पत्रकांत जमीन कोणत्या ओढ्यावर आहे, हेही बहुधा लिहिलेले असते, त्यामुळे एकाच नावाच्या दोन माणसांना वेगळे करण्यासाठी यांच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

कागद शोधायचा कोणत्या कचेरीत, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. आपल्याकडे १९७० सालचा गडचिरोलीचा कागद चंद्रपूर जिल्ह्याच्या दप्तरात शोधावा लागतो, कारण गडचिरोली जिल्हाच मुळी १९८२ मध्ये झाला. केंटकीत हेच फार वेगाने घडले. १७७६ मध्ये फिनकॅसल काउंटी मोडून केंटकी काउंटी झाली, १७८० मध्ये तिचे जेफरसन, फेयेट आणि लिंकन असे तीन तुकडे पडले, आणि १७९२ मध्ये केंटकी स्वतंत्र राज्य झाल्यानंतरही तुकड्यांचे तुकडे पडत राहिले. माणूस एकाच घरात, एकाच ओढ्याकाठी आयुष्यभर राहिला, तरी त्याचे लग्न एका काउंटीत, खरेदीखत दुसऱ्या काउंटीत आणि मृत्युपत्र तिसऱ्या काउंटीत नोंदलेले असू शकते. म्हणून प्रत्येक सालासाठी त्या सालचा काउंटी-नकाशा शेजारी ठेवल्याशिवाय शोध सुरू करू नये. (वर आलेल्या लिंकन काउंटीचा अध्यक्ष लिंकन यांच्याशी संबंध नाही, ती नावारूपाला आली तेव्हा त्यांचा जन्मही व्हायचा होता.)

अध्यक्षांचा विषय निघालाच आहे, तर त्यांच्याच घराण्याचे उदाहरण देतो, कारण आपल्या विहीणबाईंच्या प्रश्नाशी ते इतके जुळते की त्याहून चांगले मला सुचत नाही. अब्राहम लिंकन यांनी डिसेंबर १८५९ मध्ये स्वतःविषयी थोडी माहिती लिहून दिली. आपले आजोबा व्हर्जिनियातील रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीत आले आणि तिथे अमेरिकन इंडियनांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, हातून मारले गेले, त्यांचे पूर्वज पेन्सिल्वेनियातील बर्क्स काउंटीचे, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते, इतके त्यांना ठाऊक होते. न्यू इंग्लंडातील (मॅसॅच्युसेट्स आदी ईशान्येकडच्या राज्यांतील) लिंकन घराण्याशी नाते जुळते का, हे पाहण्याचा प्रयत्न झाला, पण दोन्हीकडे मॉर्डेकाय, अब्राहम, इनॉक अशी नावे सारखी आढळतात याहून अधिक काही हाती लागले नाही, असे त्यांनी नमूद केले. माहीत असलेली वाट जिथे संपली, तिथेच हा माणूस थांबला आणि तसे त्याने लिहून ठेवले. वंशावळी लिहिणाऱ्यांत हा गुण दुर्मीळ आहे.

लिंकन यांच्यापुढची वाट पुढच्या संशोधकांनी मृत्युपत्रे आणि खरेदीखते पाहत एकेक पिढी मागे जाऊन काढली. सॅम्युएल लिंकन नावाचा तरुण १६३७ मध्ये इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातून मॅसॅच्युसेट्समध्ये आला, त्याचा मुलगा मॉर्डेकाय, त्याचाही मुलगा मॉर्डेकाय, जो न्यू जर्सीमार्गे पेन्सिल्वेनियात गेला, त्याचा मुलगा जॉन, जो पुढे व्हर्जिनियात उतरला, जॉनचा मुलगा कॅप्टन अब्राहम, जो केंटकीत १७८६ मध्ये मारला गेला, त्याचा मुलगा थॉमस आणि थॉमसचे अध्यक्ष लिंकन. म्हणजे न्यू इंग्लंडशी नाते होतेच. या साखळीत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक म्हणजे घराणे एका उडीत केंटकीला पोचलेले नाही, पिढीगणिक एक मुक्काम झाला आहे. दुसरी अशी, की बर्क्स काउंटीत या लिंकनांचे शेजारी कोण होते, तर बून! दोन्ही घराण्यांत सोयरीकही झाली होती. ओळखीची चार-सहा घरे एकाच वाटेने सरकत असत, म्हणून आपला पूर्वज एखाद्या ठिकाणी अडला, तर त्याच्या शेजाऱ्यांचा माग काढावा. शेजारी ज्या गावाहून आले, तिथेच बहुधा आपलाही माणूस सापडतो.

लिंकन यांच्या आईवडिलांच्या लग्नाची गोष्ट तर प्रत्येक शोधकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. ते दोघे राहत होते हार्डिन काउंटीत, म्हणून लग्नाची नोंद तिथल्या कचेरीत शोधली गेली आणि मिळाली नाही. लग्न झालेच नव्हते, असे विरोधक कुजबुजू लागले. अध्यक्षांच्या मृत्यूनंतर ती नोंद निघाली वॉशिंग्टन काउंटीच्या कचेरीत, कारण लग्न मुलीच्या माणसांकडे लागले होते: १० जून १८०६ रोजी लिहिलेला ५० पौंडांचा जामीनकतबा (लग्नाला कायद्याची आडकाठी नाही, याची लेखी हमी) आणि १२ जूनला लग्न लावल्याची पाद्री जेसी हेड यांची नोंद. कतब्यावर थॉमसबरोबर रिचर्ड बेरी यांची सही आहे. अशा कतब्यावर दुसरी सही बहुधा वधूकडच्या माणसाची असे, त्यामुळे वधूचे माहेर शोधण्याची किल्ली त्या दुसऱ्या सहीत असते. आपल्या विहीणबाईंच्या मूळ पुरुषाच्या पत्नीचे माहेर कोणते, याचे उत्तर मिळालेच तर अशा कागदातूनच मिळेल.

पूर्वजाने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात शिपाईगिरी केली होती का, हे जरूर पाहावे. १८३२ च्या निवृत्तिवेतन कायद्याखाली अर्ज करणाऱ्या म्हाताऱ्याला न्यायालयापुढे ठराविक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत: जन्म कुठे व कोणत्या साली झाला, वयाचा काही लेखी पुरावा आहे का, फौजेत गेलात तेव्हा कुठे राहत होता, त्यानंतर कुठे कुठे राहिलात. वंशावळकाराने स्वतः तयार केली असती, तर यापेक्षा चांगली प्रश्नावली झाली नसती. विधवांना पुढे लग्नाचा पुरावा द्यावा लागला, तेव्हा कित्येकींनी घरच्या बायबलातली जन्म-लग्नांच्या नोंदींची पाने फाडून अर्जाला जोडली आणि ती राष्ट्रीय अभिलेखागारात सुरक्षित राहिली.

यावरून विहीणबाईंच्या घरच्या बायबलविषयी. नोंदी वाचण्याआधी त्याचे मुखपृष्ठाच्या आतले पान पाहून छपाईचे साल विहीणबाईंना विचारावे. बायबल १८४० चे असेल आणि १७८० पासूनच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणात असतील, तर त्या कोणीतरी नंतर आठवणीवरून उतरवल्या आहेत, हे उघड आहे. तरीही त्या टाकाऊ ठरत नाहीत, फक्त त्यांचे वजन कमी होते. अठराव्या शतकाच्या मध्याआधीची तारीख आढळली, तर १७५२ मध्ये इंग्रजी मुलखात पंचांग बदलले, अकरा दिवस गाळले गेले आणि वर्षारंभ २५ मार्चवरून १ जानेवारीवर आला, हे लक्षात असू द्यावे. त्या काळच्या लिखाणात नात्यांचे शब्दही फसवे आहेत. ‘ज्युनियर’ म्हणजे मुलगाच असे नाही, त्याच नावाचा गावातला धाकटा माणूस, कधी पुतण्याही असतो, आणि सासूसाठीचा इंग्रजी शब्द सावत्र आईलाही वापरला जात असे. मामा, काका, मावसा यांना वेगवेगळी नावे असलेल्या भाषेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा गोंधळ विशेष जाणवतो. आडनावांच्या स्पेलिंगवर तर विसंबूच नये, खुद्द लिंकन हे नाव जुन्या कागदांत ‘लिंकहॉर्न’ असेही सापडते.

आता कपाटातली गोष्ट बाहेर काढू. केंटकीची लोकसंख्या १७९० मध्ये ७३,६७७ होती आणि दहा वर्षांत ती २,२०,९५५ झाली. यांतल्या असंख्य घरांत ‘आमचा पूर्वज बूनबरोबर आला’ असे सांगतात. बूनने पाडलेल्या वाटेने आला, इतके बहुधा खरे असते, आणि मधला ‘वाटेने’ हा शब्द तीन पिढ्यांत गळून पडतो. बूनचा प्रत्यक्ष सहवास पडताळायचा असेल, तर लायमन ड्रेपर यांनी एकोणिसाव्या शतकात जुन्या वस्तीकरांना आणि त्यांच्या मुलांना भेटून जमवलेली कागदपत्रे विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेत आहेत, ती पाहावीत. बूनचा मुलगा नेथन याची १८५१ मधली मुलाखतही त्यांत आहे.

चेरोकी राजकन्येविषयी मात्र मी कठोर होतो. चेरोकी समाजात राजघराणेच नव्हते, कूळ आईकडून चालत असे, त्यामुळे राजकन्या हा शब्द गोऱ्या घरांच्या बैठकीत तयार झालेला आहे. चेरोकी पूर्वजा असणे अशक्य नाही, पण त्याला १८१७ किंवा १८३५ च्या चेरोकी याद्यांसारखा आधार हवा. नातीच्या तक्त्यात तूर्त ‘घरात असे सांगतात’ एवढेच लिहावे. आणि त्याच तक्त्याखाली दोन ओळी अशाही असाव्यात, की ज्या मुलखाला वस्तीकर मोकळा समजत होते, तो शॉनी आणि चेरोकी लोकांच्या शिकारीचा मुलूख होता. पूर्वजाच्या मृत्युपत्रात गुरे आणि नांगर यांच्या यादीत गुलाम माणसांची पहिली नावे आढळली, तर ती नावेही उतरवून घ्यावीत. १८५० च्या गुलामांच्या पत्रकात वय आणि लिंग आहे, नाव नाही. त्या माणसांच्या वंशजांना कित्येकदा हे मृत्युपत्र हाच एकमेव दुवा असतो.

नागपुरात बसून करण्याजोगे काम पुष्कळ आहे. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडावे. मॉर्मन चर्चच्या या संस्थेने अमेरिकन काउंटी कचेऱ्यांच्या दप्तरांच्या प्रतिमा मोठ्या प्रमाणावर ठेवल्या आहेत. तिथे लोकांनी जोडलेले तयार वंशवृक्षही दिसतील. ते सुगावा म्हणून वाचावेत, पुरावा म्हणून उतरवू नयेत, कारण एकाने केलेली चूक पन्नास जणांनी उचललेली असते. हस्ताक्षराची भीती वाटू देऊ नये. भोसलेकालीन मोडी कागदांपेक्षा ते बरेच सोपे आहे. शब्दाच्या मधला ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो आणि ‘जे-एन-ओ’ म्हणजे जॉन, इतके कळले की आठवड्याभरात डोळा बसतो.

प्रश्न : माझ्या अमेरिकेतील एका मित्राचे पूर्वज १८७० नंतर नेब्रास्कात जाऊन शेती करू लागले. त्यांनाही हीच खटपट करावी लागेल काय?
– एक वाचक, सीताबर्डी, नागपूर

उत्तर : नाही, त्यांचे काम निम्म्याहून सोपे आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांपर्यंतची सरकारी जमीन पाच वर्षे राहून कसणाऱ्याला नाममात्र शुल्कात मिळे, आणि ती आधीच चौकोनी गट पाडून मोजलेली असल्याने चतुःसीमेचे भांडण नव्हते. पाच वर्षांनंतर हक्क पक्का करताना अर्जदार आणि दोन साक्षीदार यांना घर केव्हा बांधले, किती जमीन फोडली, कुटुंबात कोण कोण आहे, हे सांगावे लागे. अर्जदार परदेशात जन्मलेला असल्यास नागरिकत्वाचे कागद त्याच फाइलीत जोडलेले असतात. आधी संघराज्याच्या भूमी विभागाच्या संकेतस्थळावर पट्टा शोधावा आणि त्यावरचे तपशील देऊन राष्ट्रीय अभिलेखागाराकडे पूर्ण फाइलीची मागणी करावी.

प्रश्न : एवढ्या कागदांऐवजी डीएनए चाचणी केली तर काम होणार नाही का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : चाचणी नाते आहे असे सांगते, नाव सांगत नाही. दर पिढीला वारसा निम्मा होत जातो, त्यामुळे सातव्या पिढीतल्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी १२८ वा भाग इतका उरतो आणि त्यापलीकडच्या एखाद्या पूर्वजाचा अंश मुळीच आलेला नसण्याचीही शक्यता असते. म्हणून चाचणीत चेरोकी अंश दिसला नाही, तर गोष्ट खोटी ठरते असे नाही, आणि दिसला तरी तो त्याच बाईकडून आला असे होत नाही. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी एकाच आडनावाच्या दोन घराण्यांचा मूळ पुरुष एक आहे का, हे पाहायला उपयोगी पडते, पण त्यासाठी त्या आडनावाचा पुरुष वंशज लागतो. वरच्या प्रश्नातल्या घरात तो विहीणबाईंचा भाऊ किंवा भावाचा मुलगा असू शकेल, आणि तोही मूळ पुरुषाचे आडनाव त्यांच्या माहेरचेच असेल तर. बारा वर्षांच्या मुलीचा नमुना शाळेच्या तक्त्यासाठी कोणत्याही कंपनीकडे पाठवू नये.